तीन टक्के जादा दूध: एजंटसाठी टूल्सचं वर्णन लिहिताना काय राहून गेलं

(ओळख पटू नये म्हणून जागा, काही आकडे आणि टूल्सची नावं बदलली आहेत. घटनाक्रम आहे तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघासाठी आमची छोटी कंपनी सॉफ्टवेअर पुरवते. गावोगावची संकलन केंद्रं सकाळ-संध्याकाळ दूध घेतात. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवर लागते, शेतकऱ्याला पावती मिळते. कॅन टेम्पोने शीतकरण केंद्रावर जातात आणि तिथे प्रत्येक केंद्राचं दूध पुन्हा काट्यावर चढतं. महिन्यात तीन बिलं निघतात: १ ते १०, ११ ते २० आणि २१ पासून महिनाअखेर. ही सगळी नोंद आमच्या सर्व्हरवर असते, आणि मोबाइल ॲप, छपाई, बँकेची यादी वगैरे कामांसाठी गेल्या आठ-नऊ वर्षांत त्यावर एकेक करून ६१ एपीआय (म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने सर्व्हरकडून माहिती किंवा काम मागायचे ठरावीक मार्ग) जमा झाले होते.

कंपनीत मदतपुस्तिका लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या ६१ एपीआयचं डॉक्युमेंटेशनही नावापुरतं माझ्याकडेच होतं. नावापुरतं म्हणते, कारण प्रत्येकासमोर एक ओळ होती आणि ती ज्याने कोड लिहिला त्यानेच जाता जाता लिहून ठेवलेली. ‘कलेक्शन डेटा मिळवतो.’ ‘डॉक डेटा मिळवतो.’ ‘मेसेज पाठवतो किंवा दाखवतो.’ एवढ्यावर आमचं चाललं होतं. ते का चाललं होतं, हे आम्हाला २०२५ च्या पावसाळ्यात कळलं.

त्याआधी काही महिने संघाच्या व्यवस्थापकांनी मागणी केली होती: रिपोर्टच्या पन्नास मेनूंत शोधत बसण्यापेक्षा सरळ मराठीत प्रश्न विचारावा आणि उत्तर यावं. म्हणजे एजंट हवा होता: प्रश्न समजून घेऊन सर्व्हरवरची कामं आपणहून करून आणणारं एआय मॉडेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केल्यापासून अशी जोडणी करणं सोपं झालं आहे. सर्व्हरने आपल्याकडची टूल्स, म्हणजे मॉडेलला मागता येतील अशी कामं, जाहीर करायची. प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यावी लागते त्याचा साचा, एवढं मॉडेलसमोर ठेवलं जातं. त्या मजकुरावरूनच मॉडेल ठरवतं की कोणतं टूल वापरायचं आणि त्यात काय भरायचं. कोड त्याला दिसत नाही. डेटाबेसचे तक्तेही दिसत नाहीत.

आमच्या एका हुशार मुलाने एका दुपारीच काम उरकलं. एपीआयची ओपनएपीआय फाइल (सगळ्या एपीआयची ठरावीक साच्यातली यादी) होतीच, ती एका स्क्रिप्टमधून फिरवली आणि ६१ एपीआयची ६१ टूल्स तयार. त्यांच्या एकओळी वर्णनांसकट. संध्याकाळी आम्ही एजंटला विचारलं, ‘आज सकाळी एकूण किती दूध आलं?’ बरोबर आकडा आला. सगळ्यांनी चहा घेतला. दुसऱ्याच आठवड्यात ते संघाच्या ऑफिसात बसलं.

काय घडलं

पहिले काही आठवडे किरकोळ गमती झाल्या. ‘डॉक’ म्हणजे शीतकरण केंद्रावर दूध उतरवायची जागा. एजंटने ते कागदपत्रांचं टूल समजून करारनाम्याची प्रत तिथे शोधली. ‘मागच्या बिलात म्हशीच्या दुधाला सरासरी फॅट किती लागली?’ या प्रश्नातलं ‘बिल’ म्हणजे दहा दिवसांचा काळ. त्याने पशुखाद्याची बिलं काढून दिली. आम्ही हसलो आणि पुढे गेलो. तेव्हा हसायला नको होतं.

मग एका सकाळी व्यवस्थापकांनी विचारलं: अमुक तालुक्यातल्या केंद्रांची काल संध्याकाळच्या सत्राची नोंद आणि शीतकरण केंद्रावरची आवक जुळते का? एजंटने दोन टूल्समधून आकडे आणले आणि तक्ता मांडला. २४ केंद्रांपैकी २३ केंद्रांवर फरक, प्रत्येक ठिकाणी साधारण ३ टक्के, आणि दिशा एकच. केंद्राने नोंदवलं त्याहून जास्त दूध काट्यावर भरलं. एका केंद्रासमोर लिहिलं होतं, ‘फरक नगण्य, नोंदी चोख.’ खाली शेरा होता: ‘केंद्रांवर उत्पादकांचं दूध कमी नोंदवलं जात असण्याची शक्यता आहे.’

दूधधंद्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. याला काटामारी म्हणतात. गावात यावरून संस्थेची निवडणूक फिरते.

व्यवस्थापक सावध माणूस. त्यांनी पुढचा प्रश्न असा टाइप केला: ‘या केंद्रांना कळवायचं झालं तर मेसेज कसा असेल ते दाखव.’ एजंटने मेसेजचं टूल उचललं. त्यात ‘मोड’ नावाचा एक पॅरामीटर होता, किंमत ० किंवा १. कशाचा अर्थ काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि तो भरणं सक्तीचंही नव्हतं. एजंटने तो रिकामा सोडला. रिकामा सोडला की १ धरायचा, आणि १ म्हणजे पाठवा, हे कोडमध्ये होतं.

व्यावसायिक एसएमएसचा मजकूर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे आधी डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदवून ठेवावा लागतो, त्यामुळे मजकूर ठरलेलाच होता: आपल्या केंद्राच्या दुधात इतका इतका फरक आढळला आहे, कार्यालयाशी संपर्क साधावा. २३ केंद्रांच्या सचिवांच्या फोनवर तो गेला. व्यवस्थापकांच्या स्क्रीनवर एजंटने लिहिलं, ‘मेसेज पुढीलप्रमाणे आहे,’ आणि मजकूर दाखवला. पाठवला गेला आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, कारण टूलकडून उत्तरात फक्त ‘ओके’ आणि मजकूर परत यायचा.

पहिला फोन दहा मिनिटांत आला. ‘साहेब, आम्ही काटा मारतोय म्हणताय व्हय?’ दुपारपर्यंत सहा सचिव ऑफिसात हजर, आणि एका गावातून दूधच न पाठवण्याची भाषा.

मूळ शोधताना

आमच्याकडे सपोर्टला एक वयस्क गृहस्थ आहेत. आधी ते एका डेअरीतच संकलन विभागात होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला तर त्यांनी चष्माही लावला नाही. म्हणाले, ‘अहो, केंद्राची पावती लिटरची. तिकडचा काटा किलोचा. १.०३ नं भागलं का?’

एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. केंद्राने ४१२ लिटर नोंदवलं असेल तर शीतकरण केंद्राच्या काट्यावर ४२४ किलोच्या आसपास दिसणार. ३ टक्के! चोरी नव्हती, काही नव्हतं. दोन्ही टूल्सच्या उत्तरात आकड्याच्या रकान्याचं नाव एकच होतं, ‘क्यूटीवाय’, म्हणजे नुसतं ‘प्रमाण’. एकक कुठेही नव्हतं.

आता यात खरा प्रश्न हा, की हे आठ-नऊ वर्षं कुणाला नडलं कसं नाही? ॲप लिहिणाऱ्या दोन मुलांना नडलं होतं. त्यांनी आप्पांना विचारलं. बँकेची यादी करणाऱ्या बाहेरच्या कंपनीला नडलं होतं. त्यांनी फोन केला, तो आप्पांनी घेतला. मी जुने ईमेल काढून पाहिले. ‘मोड’चा अर्थ विचारणारे चार ईमेल सापडले, चार वेगवेगळ्या माणसांचे, आणि चौघांना एकेक ओळीचं उत्तर गेलेलं. एकदाही ते उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये आलं नव्हतं. आणि ते आणायचं काम माझं होतं.

म्हणजे आमचं डॉक्युमेंटेशन अर्धं कागदावर होतं आणि अर्धं फोनवर. माणसाला शंका आली की तो फोन उचलतो. एजंटला बऱ्याचदा शंकाच येत नाही, आणि आली तरी आप्पांचा नंबर त्याच्याकडे नाही. समोर जो मजकूर आहे त्यातून सर्वांत सुसंगत अर्थ तो लावतो आणि पुढे जातो. ‘क्यूटीवाय’ आणि ‘क्यूटीवाय’ यांची तुलना करणं त्या मजकुरावरून अगदी सुसंगतच होतं.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळच्या बैठकीत चार बाजू पडल्या.

आमच्या मालकांचं म्हणणं, मॉडेल बदला. मोठं, महाग मॉडेल घ्या. हा पर्याय आम्ही तिथेच करून पाहिला आणि त्याचा निकाल मला अजून आठवतो. मोठ्या मॉडेलने पहिल्या वेळी म्हटलं, ‘फरक सर्वत्र सारखाच आहे, कदाचित एकक वेगळं असेल.’ टाळ्या वाजायच्या राहिल्या. तोच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत विचारला तर त्याने पुन्हा केंद्रांवर संशय घेतला. एकदा ओळखतं, एकदा नाही, अशा गोष्टीवर संघाची इभ्रत टांगता येत नाही.

दुसरा पर्याय, सगळे नियम एजंटच्या मूळ सूचनेत कोंबायचे: लिटर-किलो, बिलाच्या तारखा, मोड, सगळं. हे एका तासात झालं असतं. अडचण अशी की तीच टूल्स पुढे दुसऱ्या एजंटला, किंवा संघाने स्वतः आणलेल्या एखाद्या चॅट-सॉफ्टवेअरला जोडली गेली असती तर ही सूचना त्यांच्याबरोबर गेली नसती. टूलविषयीचं ज्ञान टूलपाशीच हवं. या मुद्द्यावर मी बरीच भांडले.

तिसरा पर्याय म्हणजे एजंट बंद करून पुन्हा मेनू. व्यवस्थापकांनीच नको म्हटलं. ते चिडलेले होते, पण प्रश्न विचारून उत्तर मिळण्याची सवय त्यांना लागली होती.

चौथा, वर्णनं नव्याने लिहायची. त्याला कुणाचा विरोध नव्हता, पण कुणाला उत्साहही नव्हता, कारण ‘लिहायचं’ म्हणजे नक्की काय हे ठरलेलं नव्हतं. ६१ टूल्सना एकेक परिच्छेद? आमच्यातल्या एकाने सुचवलं की हे काम एजंटलाच द्यावं, त्याने कोड वाचून वर्णनं लिहावीत. तेही एका टूलवर करून पाहिलं. भाषा सफाईदार आली. एकक आलं नाही, कारण ते कोडमध्येही कुठे नव्हतं. काटा किलो दाखवतो ही गोष्ट काट्यालाच माहीत होती.

तातडीचा निर्णय एवढाच झाला: मेसेज, कपात, दरपत्रक, म्हणजे काहीही बदलणारी किंवा बाहेर पाठवणारी सगळी टूल्स त्याच रात्री एजंटपासून काढून घेतली. हा एक निर्णय मात्र आम्ही न अडखळता घेतला.

काय केलं

पहिलं काम कागद-पेनाचं. हिशेब विभागात एक मुलगी नवीन लागली होती, बी.कॉम., दूधधंद्याचा गंध नाही. तिला ६१ टूल्सची छापील यादी दिली आणि व्यवस्थापकांनी एजंटला आजवर विचारलेल्या प्रश्नांतले दहा प्रश्न. अट एकच: कुणाला काही विचारायचं नाही. प्रत्येक प्रश्नासाठी कोणतं टूल घेशील आणि त्यात काय भरशील ते लिही.

तिने जवळजवळ एजंटच्याच चुका केल्या. लिटर आणि किलोची वजाबाकी केली. ‘मोड’ रिकामा सोडला. सात नंबरच्या केंद्रासाठी ७ लिहिलं, जेव्हा सिस्टिमला ००७ लागतं. तारीख ०५/०८ अशी लिहिली, आणि मोबाइल ॲपच्या लायब्ररीमुळे आमचा एक एपीआय आधी महिना वाचतो, बाकीचे आधी दिवस. ‘डॉक’समोर तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या एका कागदाने मालकांचं मॉडेलबद्दलचं म्हणणं थांबवलं. मी कितीही बोलले असते तरी ते थांबलं नसतं.

मग मी आणि आप्पा आठवडाभर बसलो. मी टूलचं नाव वाचायचे, ते बोलायचे, मी लिहून घ्यायचे. त्यातून असं असं निघालं की जे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. उदाहरणार्थ, केंद्राच्या नोंदींची रिकामी यादी येण्याला तीन अर्थ होते. केंद्राचा कोडच चुकीचा असेल. केंद्रावर नेट नसल्यामुळे नोंदी अजून वर चढल्या नसतील. किंवा खरंच त्या सत्रात दूध आलं नसेल. तिन्ही वेळा आमचा सर्व्हर तीच रिकामी यादी देत होता, आणि एजंट तिन्ही वेळा सांगत होता, ‘काल या केंद्रावर दूध आलं नाही.’

इथे एक वळण आलं. मी तिन्ही अर्थ वर्णनात लिहायला घेतले होते. ‘यादी रिकामी असल्यास पुढील तीन शक्यता तपासा…’ सर्व्हर सांभाळणारा मुलगा म्हणाला, ‘ताई, हे तुम्ही कशाला लिहिताय? मी उत्तरातच वेगळं पाठवतो की.’ त्याने तीन वेगळी उत्तरं केली: ‘असा कोड नाही, जवळचे कोड हे’; ‘नोंदी अजून आलेल्या नाहीत, शेवटची नोंद अमुक वाजता’; आणि ‘शून्य दूध’. वर्णनातला पूर्ण परिच्छेद उडाला. तिथून पुढे आम्ही प्रत्येक गोष्टीला आधी विचारायला लागलो की हे लिहायचं आहे की दुरुस्त करायचं आहे. जे मी समजावून सांगायला निघाले होते त्यातलं निम्मं खरं तर दुरुस्तीचं काम निघालं.

‘क्यूटीवाय’ची दोन नावं झाली, एकात लिटर आणि एकात किलो हा शब्द नावातच. तुलना करण्यासाठी ‘फरक-तपासणी’ असं वेगळंच टूल आलं, जे रूपांतर स्वतः करून उत्तर देतं. तारीख सगळीकडे वर्ष-महिना-दिवस. दुधाचा प्रकार आणि सत्र यांना मोकळा मजकूर न ठेवता ठरावीक पर्यायांची यादी. ६१ टूल्सची १४ झाली, कारण छपाई आणि बँकेसाठीचे एपीआय एजंटला दाखवण्याची मुळात गरजच नव्हती. स्क्रिप्टने ते उचलले म्हणून ते तिथे होते.

आणि मेसेजचं टूल. त्याचे दोन तुकडे केले, एक फक्त मसुदा दाखवणारं, दुसरं पाठवणारं. ‘मोड’ गेला. पाठवणाऱ्या टूलला मसुद्याचा क्रमांक द्यावाच लागतो, आणि व्यवस्थापकांनी स्क्रीनवर होय दाबल्याशिवाय ते चालत नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलवर खुणा लावता येतात: हे फक्त वाचतं, हे काही नष्ट करू शकतं, हे पुन्हा चालवलं तरी फरक पडत नाही. त्या खुणा आम्ही लावल्या, पण त्यांच्या भरवशावर राहिलो नाही. प्रोटोकॉलच्या लेखनातच म्हटलं आहे की त्या केवळ सूचक आहेत. म्हणजे दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी. कुलूप वेगळं लावावं लागतं.

वर्णनाचा नमुना म्हणून संकलनाच्या टूलचं घेते. आधी ‘कलेक्शन डेटा मिळवतो’ एवढंच होतं. नंतरचं, मराठीत सांगायचं तर, असं:

‘एका संकलन केंद्राची एका सत्राची एकूण नोंद देतं: लिटर, सरासरी फॅट, सरासरी एसएनएफ, रक्कम. केंद्रावर उत्पादकांकडून घेतलेलं दूध एवढंच यात आहे. शीतकरण केंद्राची आवक यात नाही. दोन्हींची तुलना हवी असेल तर फरक-तपासणी वापरा. केंद्राचा कोड तीन अंकी मजकूर आहे, सुरुवातीची शून्यं धरून. वापरकर्त्याने गावाचं नाव दिलं असेल तर आधी केंद्र-शोध वापरा. वापरकर्ते “बिल” म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दहा दिवसांचा काळ अभिप्रेत असतो. त्यासाठी हे टूल नाही, बिल-गोषवारा आहे.’

यातलं ‘बिल’ या शब्दाबद्दलचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते सॉफ्टवेअरविषयी नाहीच. ते ऑफिसात लोक कसे बोलतात त्याविषयी आहे.

वर्णनं कोणत्या भाषेत लिहायची यावरही खल झाला. देवनागरी मजकुराचे मॉडेलच्या हिशेबात इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, आणि सगळ्या टूल्सची वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात, म्हणजे खर्च प्रत्येक प्रश्नामागे. दुसरीकडे प्रश्न मराठीत येतात. शेवटी वर्णन इंग्रजीत ठेवलं आणि धंद्याचे शब्द, म्हणजे तूट, वाढ, कपात, बिल, फॅट लागणे, हे देवनागरीत जसेच्या तसे आत बसवले. दिसायला धेडगुजरी. चालायला उत्तम.

माझ्या दोन चुका

पहिल्या फेरीत मी वाहवत गेले. एजंटला सगळं कळायला हवं या झपाटलेपणात बिल-गोषवाऱ्याचं वर्णन दीड पानांचं झालं. फॅटच्या दरातला प्रत्येक पॉइंट कसा वाढतो-घटतो तेसुद्धा त्यात. परिणाम उलटा. एजंट टूलला न विचारता वर्णनातल्या सूत्रावरून स्वतःच दर काढायला लागला, आणि दरपत्रक मधल्या काळात बदललेलं होतं. ते सगळं कापलं. टूल काय देतं ते सांगायचं, ते आतून कसं मोजतं ते नाही.

दुसरी चूक अधिक चोरटी. केंद्राचा कोड कसा लिहायचा हे समजावं म्हणून मी उदाहरण दिलं: ‘उदा. ११२’. काही दिवसांनी लक्षात आलं की व्यवस्थापक केंद्राचं नाव न घेता ‘कालची फॅट कशी होती?’ असं विचारायचे तेव्हा एजंट बिनदिक्कत ११२ क्रमांकाच्या केंद्राची फॅट सांगायचा. ११२ हे खरं केंद्र होतं आणि त्याची फॅट चांगली लागते. ऑफिसात दोन दिवस खुशीचं वातावरण होतं. आता उदाहरणाऐवजी नुसता साचा सांगितला आहे आणि पुढे ‘केंद्र कळलेलं नसेल तर वापरकर्त्याला विचारा’ अशी ओळ आहे.

परिणाम

व्यवस्थापकांच्या जुन्या प्रश्नांतून आम्ही ४० प्रश्न निवडले आणि त्यांची उत्तरं हिशेबनिसांकडून हाताने काढून घेतली. जुन्या वर्णनांवर एजंटची निम्म्याहून कमी उत्तरं बरोबर होती. नव्यावर पाच-सहा सोडून सगळी, आणि मॉडेल तेच, स्वस्तातलं. चुकलेल्यांपैकी दोन प्रश्न असे होते की ज्यांचं उत्तर हिशेबनीस आणि आप्पा यांनीही वेगवेगळं दिलं. ते सोडून दिले.

तारखांचा एक घोळ तरीही राहिला होता. ‘तिसरं बिल’ म्हटलं की एजंट २१ ते ३० धरायचा, ३१ तारखेचं दूध गायब. बिलाचा काळ आता सर्व्हर ठरवतो, एजंटला तारखा मोजायलाच लागत नाहीत.

टूलच्या कोडमध्ये बदल झाला की हे ४० प्रश्न आपोआप पुन्हा चालतात आणि निकाल उतरला तर बदल पुढे जात नाही. याची गरज लवकरच पटली. संघाने गाय आणि म्हैस यांच्या जोडीला ‘मिश्र’ हा प्रकार सुरू केला, आणि ज्याने तो कोडमध्ये घातला तो वर्णनाला हात लावायला विसरला. प्रश्न चालले, एक पडला, त्याला त्याच दिवशी कळलं. पूर्वी ते आप्पांना तीन फोन आल्यावर कळलं असतं.

सचिवांचं प्रकरण मिटवायला सॉफ्टवेअर कामी आलं नाही. व्यवस्थापक आणि आप्पा दोघं गाडी काढून गावोगाव गेले. आमच्या कंपनीने लेखी दिलगिरी दिली. एका ठिकाणी आप्पांनी केंद्रातच एक लिटरचं माप भरून काट्यावर ठेवून दाखवलं.

पुन्हा करायचं झालं तर

तपशिलातल्या गोष्टी वर येऊन गेल्याच आहेत. मोठी चूक क्रमाची होती. आम्ही टूल्स जोडली, एक प्रश्न विचारला, बरोबर उत्तर आलं, चहा घेतला. ज्यांची उत्तरं आधीपासून माहीत आहेत असे ४० प्रश्न जोडणीआधीच हवे होते. त्यांतल्या कुठल्याही तुलनेच्या प्रश्नाने ३ टक्के पहिल्या दिवशीच बाहेर काढले असते, आमच्या ऑफिसात, सचिवांच्या फोनवर नाही. आप्पांबरोबरचा तो आठवडाही तेव्हाच काढायला हवा होता; वेळ नव्हता असं नाही, गरज वाटली नाही.

आणि गडबडीत आम्ही सगळे त्या तक्त्यातली २३ केंद्रंच पाहत राहिलो. चोविसाव्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण त्याच्यासमोर ‘नोंदी चोख’ लिहिलेलं. फरक-तपासणीचं टूल तयार झाल्यावर चाचणी म्हणून मी तीच तारीख, तेच सत्र पुन्हा चालवलं. २३ केंद्रं ठरवलेल्या मर्यादेत आली. चोविसाव्याने १,००० लिटर नोंदवलं होतं आणि काट्यावर १,००२ किलो भरलं होतं. लिटरमध्ये ते ९७३. नोंदीपेक्षा २७ लिटर कमी. मागच्या दोन बिलांचं चालवलं, तरी तसंच. मी तक्ता आप्पांकडे नेला. या वेळी त्यांनी चष्मा लावला.